पीडिताचा रकाना

समितीचं पत्र वाचून ओदिल बादो आधी हसत सुटली. कुदुगूच्या बाजारात मामाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं, तिथे ती कामाला बसायची. तिच्या हसण्याने टेबल हललं आणि उघडून ठेवलेल्या फोनचे स्क्रू चहूकडे उधळले. मामाने विचारलं, कुठल्या पोराचं पत्र आहे एवढं? ती म्हणाली, पोराचं नाही मामा, अभ्यासक्रमाच्या आदर समितीचं. मग तिने पुढचा परिच्छेद वाचला आणि तिचं हसू जागच्या जागी थिजलं.

पत्रात लिहिलं होतं, प्रिय ओदिल, आमच्या अभ्यासक्रमात तुमच्यावर जो अन्याय झाला त्याचा आम्हाला खेद आहे. तुमच्या गटातला लासाने बांसे हा विद्यार्थी चार महिन्यांत तुम्हाला एकशे तीन वेळा अपमानकारक बोलला. 'गुलाम' एकेचाळीस वेळा, 'कुत्रेखाऊ' सव्वीस वेळा, 'चोराच्या घरची' एकोणीस वेळा, बाकी किरकोळ. तुम्हीही त्याला बोललात, पण ते स्वसंरक्षणासाठी असावं असं आम्ही धरतो. तुमच्या गटाचं काम तूर्त बंद ठेवलं आहे. गुरुवारी दुपारी तीन वाजता सुनावणी होईल. तुम्ही पीडित म्हणून जबाब दिलात की लासानेला काढून टाकू आणि गटाचं काम लगेच खुलं करू. तोवर त्याच्याशी संपर्क ठेवू नये.

काम जमा करायची मुदत त्याच गुरुवारी पाच वाजता संपत होती.

आता हे नातं काय आहे ते त्या समितीला कुणी सांगायचं? कुदुगूकडे आम्ही गुरुंसी जमातीचे, तिकडे पूर्वेला गारांगोच्या बाजूला बिसा जमात. कधीकाळी दोघांत शेंगांवरून काहीतरी झालं. कुणी म्हणतं बिसाने गुरुंसीच्या शेतातला भुईमूग उपटून खाल्ला, कुणी म्हणतं गुरुंसीने बिसाचं कुत्रं भाजून खाल्लं. खरं काय ते कुणाच्याही पणजोबाला माहीत नाही. तेव्हापासून बिसा दिसला की गुरुंसीने त्याला शेंगाखाऊ म्हणायचं आणि बिसाने गुरुंसीला आपला गुलाम म्हणायचं. मंत्री असो, पाद्री असो, सुटका नाही. रागवायचं नाही, रागावला तो हरला. बिसा ड्रायव्हरला गुरुंसी पोलिसाने अडवलं तर आधी दहा मिनिटं एकमेकांचा बाप काढतात, मग कागद बघतात, नाहीतर बघतही नाहीत. आमच्याकडे ज्याच्याशी वाकडं आहे त्याच्याशी आदराने बोलतात. ज्याच्यावर जीव आहे त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात.

त्यामुळे अभ्यासक्रमाच्या पहिल्या दिवशी ओदिलच्या तोंडून जे निघालं ते निघणारच होतं. युरोपातल्या एका विद्यापीठाने जगभरच्या मुलांचे चौघाचौघांचे गट पाडले होते. तिच्या गटाला काम मिळालं ते पोत्यातल्या भुईमुगावर नजर ठेवणाऱ्या डबीचं. पोत्यात ओल वाढली की बुरशी येते, ती बुरशी पोटात गेली की माणसाचं यकृत सडतं. म्हणून ओल वाढायच्या आत बोंबलणारी डबी बनवायची. ओदिलने यादीत बांसे हे आडनाव वाचलं आणि कॅमेरा सुरू होताच म्हणाली, "शेंगांचं काम निघालं आणि बिसा हजर. वास लागला वाटतं?"

पडद्यावर मोठ्या कानांचा एक लुकडा पोरगा होता. तो शांतपणे म्हणाला, "मालक बोलायच्या आधी गुलामाने तोंड उघडू नये."

तीन मिनिटांत दोघांची अशी गट्टी जमली की पंधरा वर्षं शेजारी राहिलेल्यांची जमू नये. तो तिकडे बापाच्या कोठारात डबी लावून रोज आकडे टिपायचा, ही इकडे तुटक्या काचेच्या फोनवर डबीचा प्रोग्राम लिहायची. व्हिएतनामची थुई आपल्या मावशीच्या पडवीत दुसरी डबी तपासायची. लाटव्हियाची इल्झे गटाची प्रमुख, ती डबीचे नकाशे काढायची आणि सगळं सुवाच्य लिहून ठेवायची. बोलणं फ्रेंचमध्ये. थुईचं फ्रेंच छान, इल्झेचं शाळेतलं. शिव्या मात्र इल्झेला सगळ्या समजायच्या, हेच नडलं. ती मनाने लोण्यासारखी. दर आठवड्याला ओदिलला वेगळं गाठून विचारायची, तू ठीक आहेस ना? ओदिल म्हणायची, हा टरफल्या मेला की ठीक होईन. इल्झे ते तारखेसह टिपून ठेवायची. शेवटी तिने तीन पानी तक्रार केली, रडत रडत केली म्हणे. तिच्यावर रागवायचं तरी कसं?

राग यायचा तो त्या समितीचा. आमच्या जमिनीतलं सोनं कुठे जातं ते यांनी कधी विचारलं नाही, आमचा कापूस कुणाच्या अंगावर चढतो ते विचारलं नाही. आमच्या शिव्यांची मात्र यांना काळजी लागली, आणि त्याही मोजून ठेवल्या.

पण राग धरून ओदिलचं भागणार नव्हतं. गावातल्या तंत्रशाळेची प्रवेशपरीक्षा तिची दोनदा हुकली होती. एकदा विषमज्वराने, एकदा यादीत नावच छापलं नाही म्हणून. तिसऱ्यांदा बसायला वयाची अट आडवी आली. मात्र या अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र असलं की परीक्षेवाचून थेट दुसऱ्या वर्षाला घेणार होते. तिला हे एकच दार उरलं होतं. चार महिने ती वीज गेली की मामाच्या मोटारसायकलच्या बॅटरीवर फोन लावून शिकली होती. आता तिने एकच शब्द म्हणायचा होता. पीडित. म्हटला की दार उघडणार आणि लासाने बाहेर फेकला जाणार.

मंगळवार आणि बुधवार तिने त्याला फोन केला नाही. समितीने मनाई केली म्हणून नव्हे. तो शब्द म्हणून टाकावा असं तिच्या मनात तीन वेळा येऊन गेलं होतं, आणि फोनवर त्याने 'काय गं कुत्रेखाऊ' म्हटलं असतं तर तिला ते सहन झालं नसतं, म्हणून.

बुधवारी दुपारी पणजी गेली.

पणजीचं नाव कोलेत, पंच्याण्णव पार करून गेली. एवढं वय झाल्यावर माणूस गेला तर आमच्याकडे कुणी ऊर बडवत नाही. ढोल येतात, ज्वारीची दारू येते, बायका नवी लुगडी नेसून नाचतात आणि मेलेलीच्या सगळ्या खोड्या गाऊन दाखवतात. आत्या फिलोमेनने पणजीचा फोटो फोनवर सगळ्यांना दिसेल असा लावला, खाली लिहिलं, उद्या दुपारी माती. ओदिलने तोच फोटो आपल्याही फोनवर लावला आणि विसरून गेली.

गुरुवारी दुपारी पावणेतीनला अंगणामागच्या शेतात दोनशे माणूस जमलं होतं. खड्डा सकाळीच खणून झाला होता. ओदिल फोन छातीशी धरून कडेला उभी होती. तिने ठरवलं होतं की बाजूला जाऊन, गोठ्याच्या आडोशाला, तो शब्द म्हणायचा, आणि मग परत येऊन नाचायचं. कुणाला कळणारही नाही. तेवढ्यात पणजीची पेटी खांद्यावर घेऊन आलेले काका लोक खड्ड्यापाशी अडले. पुढे ओरडा झाला, मग हशा झाला, मग आत्याची शिवी ऐकू आली.

ओदिल गर्दीतून घुसत पुढे गेली. खड्ड्यात एक लुकडा पोरगा उताणा पडला होता. हात छातीवर जोडलेले, नाकपुड्यांत कापूस कोंबलेला, डोळे मिटलेले. कान मोठे.

"ही जागा भरलेली आहे," प्रेत म्हणालं. "हे माझं शेंगांचं कोठार आहे. म्हातारीला दुसरीकडे न्या."

"अरे टरफल्या," ओदिलच्या तोंडून निघालं.

लासानेने एक डोळा उघडला. तिच्या फोनवरचा पणजीचा फोटो पाहून पहाटे चारला गारांगोहून निघाला होता, दोन बस बदलून आला होता. त्याने तिला प्रत्यक्षात पहिल्यांदा पाहिलं आणि म्हणाला, "एवढीशी आहेस होय. पडद्यावर बरी दिसायचीस." मग डोळा मिटून घेतला.

त्याला कुणी बोलावलं नव्हतं. बोलवायचं नसतं. गुरुंसीच्या घरी म्हातारं माणूस गेलं की ओळखीच्या बिसाने यायचं, खड्डा अडवायचा, गेलेल्याने जन्मभर आपल्या शेंगा चोरल्या म्हणून बोंब मारायची, आणि वाटीभर शेंगदाणे मिळाल्याशिवाय उठायचं नाही. तो आला नसता तर ते मात्र खरं भांडण ठरलं असतं.

बरोबर तीनला फोन वाजला.

पडद्यावर चार चौकटी उघडल्या. समितीच्या प्रमुख मादाम दे व्रीस, करडे केस, आवाज हळुवार, जसा नर्सचा सुईच्या आधी असतो. लुदो नावाचा टकला गृहस्थ, समोर याद्यांचा गठ्ठा. टिपणं घेणारी एक गप्प मुलगी. आणि साक्षीदार म्हणून इल्झे, तिचे डोळे आधीच सुजलेले. मादामने विचारलं, ओदिल, तुम्ही सुरक्षित जागी आहात ना? एकट्या आहात ना?

ओदिलने आजूबाजूला पाहिलं. ढोलवाले थांबले होते, पेटी खांद्यावर होती, बायका माना उंचावून बघत होत्या. गोठ्याकडे जायला वाट नव्हती. ती म्हणाली, दोनशेएक माणसं आहेत.

मादामचा चेहरा गंभीर झाला. "आणि तो? तो तुमच्या जवळपास तर नाही ना?"

"तो खड्ड्यात आहे."

टिपणं घेणाऱ्या मुलीचं पेन थांबलं. ओदिलने सरळ कॅमेरा वळवला. लासानेने नाकातला कापूस काढला, पडल्या पडल्या हात हलवला आणि अदबीने म्हणाला, नमस्कार मादाम, मी आरोपी. इल्झे किंचाळली. तिला वाटलं, याला आता जिवंत पुरणार.

पाच मिनिटं नुसता गोंधळ. आत्या फिलोमेन ओदिलच्या खांद्यावरून पडद्यात डोकावून विचारत होती, या कोण बाई, यांनी जेवून घेतलं का. लुदो विचारत होता, मृत व्यक्ती नेमकी कोणती. शेवटी मादामने चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाली, ओदिल, तुमच्यावर इथे दडपण आहे हे मला दिसतंय. तुम्ही काही समजावून सांगू नका. माझ्यासमोर अर्ज आहे, त्यात पीडिताचा रकाना आहे. तुम्ही फक्त हो म्हणा, मी तुमचं नाव भरते, पुढच्या मिनिटाला तुमच्या गटाचं काम खुलं होईल. एवढंच.

एवढंच. ओदिलने पायाखाली पाहिलं. लासाने खड्ड्यातून वर बघत होता, पहिल्यांदाच थट्टा न करता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो हळूच म्हणाला, म्हण ना. तुला तंत्रशाळेत जायचंय. मी पुढच्या वर्षी परत बसेन.

तो असं बोलला नसता तर कदाचित तिने म्हटलंही असतं. पण बिसाने गुरुंसीशी समजूतदारपणे बोलावं? तिला कुणी कानाखाली दिल्यासारखं झालं. तिने फोन तोंडासमोर धरला.

"मादाम, लिहून घ्या. मी बादोंची पोर. हा शेंगाखाऊ माझं काही वाकडं करू शकेल असं तुम्हाला वाटलंच कसं? हा मला एकशे तीन वेळा बोललाय ना? मी याला किती वेळा बोलले ते मोजलंत?"

लुदोने मोजलं होतं. त्याने सवयीने यादी उलटली आणि वाचलं, एकशे अठरा.

शेतात जो जल्लोष उठला तो त्या बिचाऱ्या लुदोच्या आयुष्यात पूर्वी कधी त्याच्या नावावर उठला नसेल. बायकांनी जिभा हलवून आरोळ्या दिल्या, ढोलवाल्याने एक थाप मारून घेतली. लासाने मात्र खड्ड्यात ताडकन उठून बसला. म्हणाला, ही मोजणी खोटी आहे. बिसा भाषेत दिलेल्या शिव्या कुठे धरल्यात? त्या निदान पन्नास आहेत. मुख्य आरोपी मीच, हिला फार तर साथीदार म्हणा. ओदिल म्हणाली, पडून राहा, मेलेल्यांनी हिशेब सांगू नये. तो म्हणाला, गुलामाच्या हाताखाली मी दुय्यम आरोपी होणार नाही, पीडितही होणार नाही, माझ्या आईला तोंड काय दाखवू?

मादामने त्याला सांगून पाहिलं, मग पीडित म्हणून तुमचं नाव घालू का, निदान अर्ज पुरा होईल. त्यावर तो इतका दुखावला की आत्यालाच त्याची दया आली. ती पडद्यावर वाकून म्हणाली, "बाई, आमच्या घरात आज एक मयत आहे. तेवढं पुरे. आणखी कुणाला गरीब बिचारं करू नका."

इल्झेने नाक पुसलं आणि विचारलं, ओदिल, तू खरंच ठीक होतीस? सगळा वेळ? ओदिल म्हणाली, इल्झे, आजवर मला एवढं कुणी हसवलेलं नाही. अर्ध्या शिव्या तर मी त्याच्याकडूनच शिकले. इल्झे म्हणाली, मग मी तक्रार कुणासाठी केली? आणि ती रडता रडता हसायला लागली, तिचं तिलाच आवरेना. त्या हसण्यातच तिने सांगितलं की तक्रार मागे.

लुदोने याद्यांखालून नियमांचं पुस्तक काढलं आणि चौदावं कलम वाचलं. तक्रार मागे आणि रकाना रिकामा, तर प्रकरण नाही. मादामला पटलं नव्हतंच. तरी ती म्हणाली, ठीक आहे, खुलं करते, पण भाषेबद्दल शेरा लिहीन. शेरा लिहा मादाम, मोठ्या अक्षरात लिहा, असं लासाने खड्ड्यातून म्हणाला.

गटाचं काम खुलं झालं तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

थुईचे आकडे तयार होते, इल्झेचे नकाशे तयार होते, ओदिलचा प्रोग्राम आठवडाभर तयार होता. अडलं होतं ते लासानेच्या सहा आठवड्यांच्या आकड्यांपाशी. ते त्याच्या फोनमध्ये, फोन त्याच्या खिशात, आणि खड्ड्यात नेटवर्कची एक काडी नाही. ओदिल म्हणाली, वर ये. तो म्हणाला, शेंगदाणे. ती म्हणाली, पन्नास मिनिटं राहिलीत, वर ये म्हणते ना. तो म्हणाला, पन्नास मिनिटांसाठी मी बापजाद्यांचा हक्क सोडू? आत्याने एका पोरीला शेजारी पिटाळलं, कारण बादोंच्या घरात त्या दिवशी दाणाभर भुईमूग नव्हता. त्यावरून लासानेने आतून जी टीका केली ती इथे लिहिण्यासारखी नाही.

ओदिलने वाट पाहिली नाही. तिने नवं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं आणि खड्ड्यात उडी मारली.

वर बायका ओरडल्या, हसल्या, दोघी तर हसून खाली बसल्या. आत माती उडत होती. हा फोन पोटाखाली धरून पालथा, ती त्याच्या पाठीवर, आणि दोघांच्या तोंडाचा पट्टा चालू. अखेर फोन तिच्या हातात आला, मातीने माखलेला, पण चालू. तिने आकडे पाठवायचं बटण दाबलं आणि तो वर भिरकावला. धाकट्या काकाने झेलला, कारण त्याच्या खांद्यावर पेटीची फक्त मागची बाजू होती आणि एक हात मोकळा होता. त्याने हात उंच केला, नेटवर्कची एक काडी आली. आणखी उंच केला, दोन. त्याच्या वर आता पेटीच होती. त्याने वर बघितलं, पुढच्या काकांना विचारलं, आणि काकांनी मान हलवली.

फोन पणजीच्या पेटीवर ठेवला गेला. तीन काड्या आल्या.

सहा काका पेटी खांद्यावर घेऊन पुतळ्यासारखे उभे राहिले, हललं की आकडा अडायचा म्हणून. गर्दीतला एक जण टाचा उंचावून पडद्यावरची टक्केवारी वाचून दाखवत होता. बारा. तेवीस. तेवीसवर बराच वेळ. आत्याने ढोलवाल्याला गप्प केलं. एकेचाळीस. मोठ्या काकांचे गुडघे थरथरायला लागले, तर पलीकडच्या गल्लीतला म्हातारा न्हावी त्यांच्याखाली खांदा देऊन उभा राहिला. अठ्ठ्याहत्तर. ओदिल खड्ड्याच्या कडेला हनुवटी टेकून वर बघत होती, शेजारी लासाने, दोघांच्या केसांत माती, आणि दोघंही शिव्या विसरले होते. शंभर. मग जमा झाल्याची हिरवी खूण. चार वाजून बावन्न मिनिटं.

पणजीने पंच्याण्णव वर्षांत स्वतः कधी फोनला हात लावला नव्हता. दोनशे माणसांनी तिच्या पेटीला टाळ्या वाजवल्या, ढोल फुटायची वेळ आली आणि शेजारून वाटीभर शेंगदाणे आले ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. लासानेच्या आलं. त्याने वाटी घेतली, दाणे मोजल्यासारखं केलं, कमी आहेत म्हणाला, आणि उठला.

पेटी खाली गेली तेव्हा पहिलं फावडं त्यानेच उचललं. काका थकले होते. तो थांबला नाही, दुसऱ्या कुणाला फावडं दिलंही नाही. शेवटची माती सारखी करताना त्याचे कान लाल झाले होते आणि चेहरा ओला होता. ओदिलने ते पाहिलं.

जुलैत प्रमाणपत्रं आली. चार नावं, एका ओळीत, खाली भाषेबद्दलचा शेरा. तंत्रशाळेच्या कारकुनाने शेरा दोनदा वाचला आणि चष्म्यावरून ओदिलकडे पाहिलं. त्याने कारण विचारलं. ती म्हणाली, गटात एक बिसा होता. कारकुनाने मान डोलावली, दुसऱ्या वर्षाच्या वहीत तिचं नाव लिहिलं आणि विचारलं, अजून जिवंत आहे का तो शेंगाखाऊ?